रोग परतवावा की आवरावा?

रक्ततपासणीचा कागद हाती पडल्यावर मधुमेही मनुष्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला तो डॉक्टरांना उघडपणे विचारतो : "हा रोग बरा होईल का?" दुसरा तो कोणालाच विचारीत नाही, परंतु घरी परतताना तोच अधिक काळ मनात घोळत राहतो : "माझे काय चुकले?" पहिला प्रश्न वैद्यकशास्त्राचा आणि दुसरा नीतिशास्त्राचा, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. हा रोग प्रयत्नाने परतवता येतो असे म्हटले, की ज्याचा रोग परतला नाही त्याने प्रयत्नच केला नाही, असा अर्थ आपोआप निघतो. उलटपक्षी, हा जन्माचा सोबती आहे व त्यावर इलाज नाही असे म्हटले, की प्रयत्न करण्यास कारणच उरत नाही. पहिल्या उत्तराच्या पोटी अपराधभाव आहे, दुसऱ्याच्या पोटी हताशपणा. या दोहोंमधून सत्याची वाट जाते काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राजधानीचे दुखणे

हा प्रश्न मूठभर लोकांचा राहिलेला नाही. २०१०-११ साली दिल्ली, चेन्नई व कराची या तीन महानगरांत 'कार्स' या नावाने ओळखली जाणारी एक मोठी आरोग्य-पाहणी झाली. तीत दिल्लीतील वीस वर्षे व त्यांवरील वयाच्या प्रौढांपैकी २५.२ टक्के लोक मधुमेही आढळले, आणि आणखी ४७.६ टक्के लोक मधुमेहपूर्व अवस्थेत, म्हणजे रोगाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आढळले. दोन्ही आकड्यांची बेरीज केली, तर दर चार प्रौढांमागे जवळजवळ तिघांच्या रक्तातील साखर प्रमाणाबाहेर होती असे दिसते. पुढे २०२० साली याच माहितीच्या व इतर आकडेवारीच्या आधारे संशोधकांनी असा अंदाज मांडला, की भारतातील महानगरांत राहणाऱ्या वीस वर्षांच्या तरुण-तरुणींपैकी निम्म्याहून अधिक जणांना आयुष्यात केव्हातरी मधुमेह गाठेल.

देशाचे चित्रही फारसे वेगळे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत व १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. राज्यांच्या यादीत सर्वांत वर नाव आहे ते आपल्या शेजारच्या गोव्याचे, २६.४ टक्के.

दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद या सलग पसरलेल्या नगरसमूहात नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकांच्या आजोबांनी शेतात दिवसभर राबून ज्वारीची भाकरी खाल्ली. नातवंडे दिवसभर खुर्चीवर बसून मैदा व साखर खातात. सकाळी बस, मेट्रो अथवा मोटार. दुपारी कार्यालयातील छोले-भटुरे. रात्री उशिरा जेवण. आणि हिवाळ्यात हवा अशी दूषित, की फिरावयास जाऊ नये असा सल्ला डॉक्टरच देतात. या दूषित हवेचाही रोगाशी संबंध असावा, असे दिल्ली व चेन्नई येथील लोकांवर झालेल्या अभ्यासातून २०२३ साली पुढे आले आहे. हवेतील अतिसूक्ष्म धूलिकण वाढले, तसा मधुमेहाचा धोकाही वाढलेला त्यात आढळला.

दोष कोणाचा?

आता त्या दुसऱ्या, न विचारलेल्या प्रश्नाकडे प्रथम वळू. "जिभेवर ताबा नव्हता, म्हणून रोग जडला," हे वाक्य आपण किती सहजपणे बोलतो! आप्त बोलतात, शेजारी बोलतात, कधी कधी डॉक्टरही बोलतात. आणि रोगी मान खाली घालून ऐकतो. हे वाक्य खरे आहे काय?

दिल्लीतच याचे एक महत्त्वाचे उत्तर मिळाले आहे. १९६९ साली डॉ. संतोष भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण दिल्लीतील एका भागात जन्मणाऱ्या बालकांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. काही हजार बालकांची वजने व उंची जन्मापासून वर्षानुवर्षे मोजली गेली. ही बालके २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर त्यांपैकी १,४९२ जणांची रक्ततपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ऐन तारुण्यात ४.४ टक्के लोकांना मधुमेह झालेला होता व १०.८ टक्के लोकांच्या शरीराची साखर पचविण्याची शक्ती उणावलेली होती. परंतु खरी विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच होती. पुढे ज्यांना हा विकार जडला, ते पहिल्या दोन वर्षांत लठ्ठ नव्हते. उलट ते इतरांपेक्षा कृश होते, आणि नंतरच्या बालपणात त्यांचे वजन इतरांपेक्षा झपाट्याने वाढत गेले होते. म्हणजे रोगाची मुळे पाळण्यापर्यंत पोहोचली होती.

आपल्या पुण्याच्या संशोधनाने या मुळांचा शोध आणखी मागे नेला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर मातांचा अभ्यास हाती घेतला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. बालके लहान होती, त्यांचे स्नायू व अवयव लहान होते. परंतु त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसावयास बारीक, आतून मात्र चरबीयुक्त, असे हे शरीर मातेच्या उदरातच घडलेले होते. डॉ. याज्ञिक यांनी आपले व आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र २००४ साली प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रज गृहस्थाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांसाठी वजनाच्या व कमरेच्या मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खालच्या धरतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की सावध व्हावे असे डॉक्टर सांगतात.

हे सारे ध्यानी घेतल्यावर, "माझे काय चुकले?" असे विचारणाऱ्याला आपण काय उत्तर देणार? आईच्या पोटात असताना तिला पोटभर मिळाले नाही, हा त्याचा दोष काय? ज्या नगरात पदपथ नाहीत, मैदाने नाहीत व श्वास घेण्याजोगी हवा नाही, तेथे पोटासाठी यावे लागले, हा त्याचा दोष काय? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्याचा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. त्याला पाहून शिष्यांना पहिला प्रश्न सुचला तो हाच, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि मागे वळून दोष शोधण्याऐवजी आता काय करावयाचे आहे, तिकडे लक्ष वेधले. रोग्याकडे पाहण्याची ही दृष्टी आपण अजून पुरती आत्मसात केलेली नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. दोष काढून घेतला, तर प्रयत्नही सुटेल. "माझ्या हाती काही नव्हते" असे म्हणणारा मनुष्य गुलाबजाम का सोडील? आक्षेप वजनदार आहे. पण त्यात दोष आणि जबाबदारी यांची गल्लत आहे. वडिलांच्या कर्जाचा बोजा ज्याच्या डोक्यावर आला, त्याने ते कर्ज काढलेले नसते. तरीही फेडावे त्यालाच लागते, आणि तो ते फेडतो म्हणून आपण त्याचा आदर करतो. त्याला उधळ्या म्हणून हिणवण्याने हप्ता भरला जात नाही. मधुमेही मनुष्याची स्थिती काहीशी अशीच आहे. रोगाचा दोष बहुतांशी त्याचा नसतो, परंतु उद्याच्या दिवसाची जबाबदारी पुष्कळशी त्याच्या हाती असते. जो स्वतःला अपराधी मानतो तो तपासणीला जाणे टाळतो, साखर लपवतो, गोळ्या लपवतो. ज्याने जबाबदारी स्वीकारली, तो आकडा पाहण्यास भीत नाही.

रोग परततो काय?

आता पहिला प्रश्न. अनेक दशके वैद्यकशास्त्राचे उत्तर असे होते, की दुसऱ्या प्रकारचा मधुमेह एकदा जडला की तो वाढतच जातो; औषधांनी त्याची गती मंद करता येते, इतकेच. गेल्या पंधरा वर्षांत हे उत्तर बदलले आहे.

इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाचे प्रा. रॉय टेलर यांनी २००८ साली असा विचार मांडला, की या रोगाच्या मुळाशी यकृतात व स्वादुपिंडात साठलेली चरबी आहे. यकृत चरबीने भरले की ते इन्शुलिनचे ऐकेनासे होते. तीच चरबी स्वादुपिंडात उतरली की इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी मंदावतात. चरबी हटली तर पेशी पुन्हा कामाला लागतील काय? २०११ साली त्यांनी अकरा रोग्यांना आठ आठवडे दिवसाला केवळ सुमारे ६०० उष्मांकांचा आहार दिला. आठवड्याभरातच त्यांची उपाशीपोटीची साखर पूर्वपदावर आली.

पुढे प्रा. टेलर व ग्लासगोचे प्रा. माइक लीन यांनी स्कॉटलंड व ईशान्य इंग्लंड येथे मोठी चाचणी घेतली. तीत रोग जडून सहा वर्षांहून कमी काळ झालेले, इन्शुलिन न घेणारे रोगी होते. तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० उष्मांकांचा आहार, मग हळूहळू साधे जेवण, असा तो कार्यक्रम होता. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : एका वर्षानंतर ४६ टक्के लोकांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या रेषेखाली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हेच प्रमाण ४ टक्के होते. ज्यांनी १५ किलो अथवा अधिक वजन घटवले, त्यांच्यापैकी ८६ टक्के लोकांना हे साधले. आपल्यासारख्या बारीक दिसणाऱ्यांनाही यात आशा आहे. कारण त्याच प्रा. टेलर यांनी पुढे सामान्य वजनाच्या आसपास असलेल्या वीस रोग्यांवर प्रयोग केला, तेव्हा सुमारे दहा टक्के वजन उतरल्यावर त्यांपैकी चौदा जणांना हेच फळ मिळाले.

मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांसाठी तर पुरावा याहून जुना व भक्कम आहे. अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, आहारात बदल, आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम व सात टक्के वजनघट या मार्गाने मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, असे २००२ साली दिसून आले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. त्यात जीवनपद्धतीच्या सुधारणेने धोका २८.५ टक्क्यांनी घटला. चीनमधील दाचिंग येथे १९८६ साली सुरू झालेला प्रयोग सहा वर्षे चालला. तीस वर्षांनी पाहिले, तेव्हा त्या सहा वर्षांच्या प्रयत्नाने मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षे लांबणीवर पडला होता आणि हृदयविकाराने होणारे मृत्यूही घटले होते.

मग "रोग बरा होतो" असे म्हणावे काय? येथे शब्द जपून वापरला पाहिजे. २०२१ साली अमेरिका, युरोप व ब्रिटन येथील मधुमेह-संस्थांनी एकत्र बसून या अवस्थेची व्याख्या केली. औषधे थांबवून किमान तीन महिने झाल्यावर ज्याची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी तपासणी, ६.५ टक्क्यांच्या खाली राहते, त्याच्या रोगाचे 'रेमिशन' झाले असे म्हणावे. या तज्ज्ञांनी 'बरा झाला' हा शब्द मुद्दामच टाळला. आपण मराठीत याला 'उपशम' म्हणू. चुलीतला निखारा राखेखाली निवतो. तो विझला असे समजून त्यावर कोरडे गवत टाकू नये.

याला आधार आहे. वर सांगितलेल्या त्याच चाचणीत एका वर्षानंतर उपशम साधलेले ४६ टक्के होते, दोन वर्षांनी ३६ टक्के उरले. आणि पाच वर्षांपर्यंत ज्यांचा मागोवा घेतला गेला, त्यांच्यापैकी उपशमात टिकून राहिलेले १३ टक्केच होते. वजन परत आले, तसा रोगही परत आला. रोग परतवता येतो, हे जितके खरे, तितकेच तो पुन्हा परततो हेही खरे. उपशम हे रोज जोपासण्याचे व्रत आहे.

मुक्तीचा बाजार

हे अर्धे सत्य सांगणे बाजाराच्या सोयीचे नसते. 'मधुमेह मुळापासून नाहीसा', 'तीस दिवसांत गोळ्यांपासून मुक्ती' अशा पाट्या दिल्लीतील रस्त्यांवर व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आपण नित्य पाहतो. वस्तुतः १९५४ सालच्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने ज्या रोगांवरील उपायांच्या जाहिरातींस बंदी केली आहे, त्यांच्या यादीत मधुमेह आहे. २०२४ साली पतंजली आयुर्वेद या कंपनीच्या जाहिरातींचे प्रकरण दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे गाजले आणि कंपनीला वृत्तपत्रांतून जाहीर माफी प्रसिद्ध करावी लागली, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ अशाच एका जाहिरातीला भुलले. कारले-जांभळाची कसलीशी पूड सुरू केली आणि गोळ्या बंद केल्या. पहिले काही आठवडे त्यांना हलके वाटले. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून झालेली जखम भरेना, तेव्हा घरच्यांना सारे समजले. अंगठा गेला. रुग्णालयातील खाटेवर ते मला म्हणाले, "मला बरे व्हायचे होते हो. गोळ्या खात जगणे म्हणजे रोज रोगाची आठवण." त्यांच्या त्या बोलण्यात लोभ नव्हता, मूर्खपणाही नव्हता. मनुष्याला मुक्तीची ओढ असते, आणि तिचा व्यापार करणारा मनुष्य केवळ पैसे लुबाडत नाही. तो रोग्याजवळची एक पवित्र वस्तू, त्याची आशा, विकून खातो. म्हणूनच खोटी आशा देणे ही केवळ कायद्याची बाब नव्हे, तर ती गंभीर नैतिक बाब आहे.

येथे एक सूचना आवश्यक वाटते. उपाशी राहण्याचा वा अत्यल्प आहाराचा कोणताही प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीवाचून करू नये. गोळ्या अथवा इन्शुलिन चालू असता आहार एकाएकी तोडला, तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत घसरते. आणि ज्यांना पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, बहुधा लहानपणीच जडलेला, त्यांच्या बाबतीत इन्शुलिन बंद करणे म्हणजे प्राणांशी खेळ होय.

आवरणे हेही यशच

ज्यांचा रोग परतत नाही, त्यांचे काय? ज्यांना रोग जडून वीस वर्षे झाली, ज्यांच्या स्वादुपिंडाची शक्तीच क्षीण झाली, त्यांनी स्वतःला हरलेले समजावे काय?

तीस हजारी येथील सेंट स्टीफन्स रुग्णालयाचा प्रारंभ १८८५ सालचा. आपल्या मिरजेच्या रुग्णालयाचा १८९४ सालचा. त्या काळी मधुमेहावर सांगण्याजोगे औषध नव्हते. या रोगाने ग्रासलेले मूल वर्षा-दोन वर्षांत झिजून जाई, आणि डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या हाती त्याची उशाशी बसून शुश्रूषा करणे एवढेच असे. १९२१ साली टोरँटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले, आणि जानेवारी १९२२ मध्ये ते लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम टोचले गेले. तो मुलगा बरा झाला नाही, तो जगला. इन्शुलिनने रोग नाहीसा केला नाही, मनुष्याला आयुष्य परत दिले. शंभर वर्षांपूर्वीच्या कोणत्याही आईला विचारले असते, तर या दोहोंतील भेद तिने क्षुल्लक मानला असता.

आवरलेल्या साखरेचे फळही थोडे नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या व १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात पाच हजारांहून अधिक नवे रोगी होते. ज्यांची साखर आरंभापासून नीट आवरली गेली, त्यांच्या डोळ्यांचे व मूत्रपिंडांचे विकार कमी झाले. दहा वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा दोन्ही गटांची साखर एव्हाना सारखी झाली होती. तरीही ज्यांनी आरंभीची वर्षे शिस्तीने काढली त्यांना हृदयविकार व मृत्यू यांपासून अधिक संरक्षण मिळालेले दिसले. सचोटीने घालवलेली वर्षे शरीर विसरत नाही. तेव्हा जो पुन्हा घसरला, त्याची मागची वर्षे वाया गेली असे मानण्याचे कारण नाही. आणि जो गोळी घेऊन साखर आवरतो, तो कोणापेक्षाही कमी नाही. गोळी ही अपयशाची खूण नव्हे. चष्मा लावणाऱ्याला आपण दृष्टी हरलेला म्हणत नाही.

एकट्याचे व्रत नव्हे

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. त्या चाचणीत पाच वर्षांत इतके लोक का घसरले? त्यांचा निश्चय एकाएकी ढळला असे मला वाटत नाही. मनुष्य एकटा जेवत नाही. घराची स्वयंपाकखोली, कार्यालयातील वाढदिवसाचा केक, लग्नातील पंगत, शेजाऱ्याचा आग्रह, या साऱ्यांत मिळून त्याचे ताट वाढले जाते. जे अनेकांनी मिळून बिघडवले, ते एकट्याच्या निश्चयाने किती काळ सांभाळले जाणार?

आपल्या आदरातिथ्याचे एक वाक्य प्रसिद्ध आहे : "एवढ्याने काय होते?" नाताळात करंज्या, शंकरपाळे, केक यांचे ताट पुढे करून आपण ते दहा घरी दहादा ऐकवतो. यजमानाच्या मनात प्रेम असते यात शंका नाही. परंतु पाहुण्याने नम्रपणे एकदा "नको" म्हटल्यावर पुन्हा आग्रह करणे हे प्रेम नव्हे, ती त्याच्या व्रताची परीक्षा झाली. आणि ज्याला "नको" म्हणण्याचा संकोच वाटतो, तो बिचारा खातो व रात्री स्वतःला दोष देत जागतो. उपासनेनंतरच्या चहात साखर वेगळी ठेवणे, मंडळीच्या स्नेहभोजनात एक उसळ व एक कोशिंबीर अधिक करणे, यास खर्च किती येतो? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या संलग्न शाळांना मुलांच्या खाण्यापिण्यातील साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. जे शाळेच्या भिंतीवर शोभते, ते मंडळीच्या सभागृहातही अशोभनीय ठरू नये.

उपवासकाळ आपण पाळतो. पण चाळीस दिवस मांस वर्ज्य करून त्याची भरपाई साबुदाण्याने, बटाट्याने व गोडाने होत असेल, तर त्या संयमाचा अर्थ पुन्हा तपासून पाहावा. संयम म्हणजे शरीराचा द्वेष नव्हे. ज्याने शरीर दिले त्याच्या देणगीची ती निगराणी आहे.

यापुढचे पाऊल अधिक कठीण आहे. आहार बदला, चाला, वजन घटवा, हा उपदेश ज्याच्या हाती वेळ व पैसा आहे त्याला पाळता येतो. नोएडाच्या उंच इमारतींत पाच घरची भांडी घासून संध्याकाळी झोपडीत परतणाऱ्या बाईला कोणती कोशिंबीर परवडणार? तिला स्वस्त धान्य दुकानातून मिळतात ते मुख्यतः गहू व तांदूळ. डाळ, भाजी, फळ तिने बाजारभावाने घ्यावे. ती दिवसभर कष्ट करते, मग तिला मधुमेह कसा, असे आपण आश्चर्याने विचारतो. ती बारीक दिसते. तिची कंबर कोणी मोजलेली नसते, रक्त कोणी तपासलेले नसते. आपल्या घरी काम करणाऱ्या माणसाची वर्षातून एकदा रक्ततपासणी करवून देणे आणि तपासणीच्या दिवशी पगारी सुटी देणे हे दान नव्हे. आपला दिवस ज्यांच्या श्रमावर चालतो, त्यांचे ते देणे आहे.

वाचकहो, तात्पर्य थोडक्यात असे. ज्याला रोग होऊन थोडीच वर्षे झाली आहेत, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने उपशमासाठी अवश्य झटावे. ती आशा खरी आहे. जो उंबरठ्यावर आहे, त्याने आजच मागे फिरावे. तेथे प्रयत्नाला सर्वाधिक फळ आहे. ज्याच्या आईवडिलांना मधुमेह आहे, त्याने तिशीतच रक्त तपासून घ्यावे. ज्याचा रोग परतण्याजोगा राहिलेला नाही, त्याने औषध निष्ठेने घ्यावे आणि मान ताठ ठेवावी. आणि जे निरोगी आहेत त्यांनी या साऱ्यांना दोष देणे सोडून त्यांच्या ताटाचा भार वाटून घ्यावा.

हा रोग बरा होईल का, याचे उत्तर डॉक्टर आपापल्या परीने देतील. मात्र रोगी मनुष्य हे व्रत एकटा पाळील की आपल्या सोबतीने, याचे उत्तर देण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. ते आपल्या घरातील पुढच्याच जेवणाला द्यावयाचे आहे.